औषध की संवाद? नैराश्याच्या उपचाराचा निर्णय घरात कसा व्हावा

भुसार बाजारातील एक जुनी आडत पेढी. दोघे भाऊ एकत्र. थोरले लिलाव आणि खरेदी-विक्री पाहतात, धाकट्यांकडे वसुली आणि हिशेब. मागील चातुर्मासाच्या सुमारास धाकट्यांचे पेढीवर येणे लांबू लागले. आधी दहाला, मग बाराला, मग एखाद्या दिवशी येणेच नाही. आले तरी उधारीची वही उघडून एकाच पानाकडे पाहत बसत. पहाटे तीनला जाग येई आणि मग उजाडेपर्यंत डोळा लागत नसे. आश्विनात त्यांनी आयंबिलची ओळी केली, तेव्हा घरात कौतुक झाले. ओळी संपली, पारणे झाले, तरी अन्न जाईना. तेव्हा प्रथम आईच्या मनात शंका आली.

घरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, ‘हे नैराश्य आहे, मनोविकारतज्ज्ञांना दाखवा.’ त्या संध्याकाळपासून घरात दोन पक्ष पडले. थोरल्या भावांचे म्हणणे असे, की गोळ्या एकदा सुरू झाल्या म्हणजे सुटत नाहीत. त्यापेक्षा एखाद्या जाणत्या समुपदेशकाशी बोलू द्यावे. भाभींना ते पटेना. बोलून काय होणार, उलट दहा जणांना कळेल. चांगल्या डॉक्टरांची गोळी घ्यावी, महिनाभरात सारे पूर्ववत होईल. आईचा तिसरा पक्ष होता : सामायिक वाढवावी, स्थानकात बसावे, मन आपोआप निवेल. या चर्चेत तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत एक गोष्ट मात्र झाली नाही. प्रत्यक्ष धाकट्या भावांना कोणी काही विचारले नाही.

हे वर्णन कोणा एका घराचे नाही; अनेक घरांतील प्रसंग येथे एका पेढीत एकत्र केले आहेत. परंतु व्यापारी समाजातील कोणत्याही वाचकाला हे घर अपरिचित वाटणार नाही.

निर्णय न घेणे हाच निर्णय

बंगळूरच्या निमहान्स संस्थेने 2015-16 मध्ये देशातील बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. गुजरात आणि राजस्थान या दोन्ही राज्यांचा त्यात समावेश होता. दर वीस प्रौढांमागे साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा विकार झालेला आढळला. त्याहून गंभीर आकडा दुसरा आहे : नैराश्याच्या रुग्णांपैकी सुमारे 85 टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हता. म्हणजे औषध की संवाद हा प्रश्न ज्यांच्यापुढे खऱ्या अर्थाने उभा राहतो, ते थोडे. बहुसंख्य घरांत ‘काहीच नाही’ हा तिसरा पर्याय नकळत निवडला जातो.

आपल्या समाजात ही दिरंगाई होण्याची काही खास कारणे आहेत. मुलामुलींची सोयरीक, पेढीची पत, भागीदारांचा विश्वास, या सर्वांवर सावट पडेल अशी धास्ती असते. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. ज्या समाजात तप आणि त्याग यांना सर्वोच्च मान आहे, तेथे आजाराची लक्षणे धर्माची वस्त्रे पांघरून येऊ शकतात. भूक मेलेल्या माणसाचा उपवास तपश्चर्या समजला जातो. व्यवहारातून, बोलण्यातून, मुलाबाळांतून मन उडालेल्या माणसाला वैराग्य आले असे म्हटले जाते. वास्तविक वैराग्यात चित्त शांत आणि सजग असते. करुणा वाढते, स्वाध्यायात गोडी वाटते. नैराश्यात स्वाध्यायाचीही गोडी जाते, नवकार म्हणतानाही लक्ष टिकत नाही आणि स्वतःविषयी तिरस्कार दाटतो. एकात आसक्ती सुटते, दुसऱ्यात उमेद. जवळून पाहणाऱ्याला हा भेद ओळखता येतो. पण त्यासाठी कौतुक थांबवून विचारपूस करावी लागते.

उदास वाटणे म्हणजे नैराश्य नव्हे, हेही तितकेच खरे. भाव पडला, पार्टी बुडाली, आप्त गेले, तर माणूस खिन्न होतोच. परंतु दोन आठवडे किंवा अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ मन खचलेले राहणे, आवडत्या गोष्टींतून आनंद नाहीसा होणे, झोप आणि भूक बिघडणे, थकवा, मंदपणा, निर्णय न होणे, अपराधी वाटणे, मरणाचे विचार येणे, यांपैकी बऱ्याच गोष्टी एकत्र दिसू लागल्या आणि रोजचे काम अडू लागले, की तो आजार समजून तज्ज्ञांकडे जावे.

औषध काय करते?

नैराश्यावरील औषधांचा जन्म योगायोगाने झाला. 1950 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत क्षयरोगावर इप्रोनियाझिड हे औषध दिले जात असता रुग्णांचे मनही उल्हसित होते असे दिसले. त्याच दशकात स्वित्झर्लंडमध्ये रोलँड कुन यांना इमिप्रामिनचा नैराश्यावरील गुण आढळला. पुढे 1987 च्या अखेरीस अमेरिकेत फ्लूऑक्सेटिनला मान्यता मिळाली. आज आपल्याकडे एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लूऑक्सेटिन ही नावे चिठ्ठीवर नेहमी दिसतात. ‘मेंदूतील सेरोटोनिन कमी झाले, ते गोळीने भरून निघते’ असे सोपे स्पष्टीकरण पूर्वी दिले जाई. ते अपुरे आहे, असे आता तज्ज्ञ मानतात. परंतु कारणमीमांसा अपुरी असली तरी गुण नाहीसा होत नाही. 2018 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 522 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातील 21 पैकी प्रत्येक औषध नकली गोळीपेक्षा अधिक गुणकारी ठरले होते. हा फरक सरासरीने मध्यम आहे, चमत्कार नव्हे. आजार तीव्र असेल तेव्हा तो अधिक ठळकपणे जाणवतो.

गुण येण्यास साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. दुष्परिणाम मात्र पहिल्या आठवड्यातच येतात : मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता, झोपेत बदल. बहुतेकांचे ते हळूहळू ओसरतात. कामेच्छा कमी होणे हा दुष्परिणाम टिकू शकतो आणि संकोचामुळे तो कोणी सांगत नाही; मग गोळी गुपचूप बंद होते. वृद्धांमध्ये रक्तातील सोडियम घटण्याचा संभव असतो. पंचवीस वर्षांखालील तरुणांत पहिल्या काही आठवड्यांत आत्मघाताचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात घरच्यांनी जवळून लक्ष ठेवावे लागते.

‘सवय लागते’ या भीतीत अर्धसत्य आहे. दारू किंवा अफू यांप्रमाणे या गोळ्यांची तलफ लागत नाही, मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. परंतु एकाएकी बंद केल्यास चक्कर, चिडचिड, झिणझिण्या असा त्रास होऊ शकतो. म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करावयाच्या असतात. बरे वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावे, असा सर्वमान्य प्रघात आहे. आजार वारंवार उलटत असेल तर अधिक काळ. आपल्याकडे होते ते उलट : महिन्यात बरे वाटते, गोळी थांबते, आणि तीन महिन्यांनी तोच माणूस पुन्हा अंथरुणाला खिळतो. मग ‘औषधाचा उपयोग नाही’ असा निष्कर्ष निघतो.

संवादाने काय होते?

‘सल्ला तर आम्हीही देतो, त्यासाठी फी कशाला?’ असा प्रश्न थोरल्या पिढीकडून हमखास येतो. मानसोपचार म्हणजे सल्ला नव्हे. डॉ. आरन बेक यांनी 1960 च्या दशकात अमेरिकेत जी पद्धती विकसित केली, तिला आज सीबीटी म्हणतात. नैराश्यात मनात आपोआप उमटणारे विचार पकडणे, ते लिहून काढणे, त्यांच्या बाजूचा आणि विरुद्ध बाजूचा पुरावा मांडणे, आणि वागणे थोडे थोडे बदलून त्या विचारांची परीक्षा घेणे, असे तिचे स्वरूप आहे. जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू मांडल्याविना शिल्लक काढता येत नाही, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही; नैराश्यातील मन मात्र केवळ नावेची बाजू लिहीत सुटते. त्याच सुमारास अल्बर्ट एलिस यांनी मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली. साधारण बारा ते सोळा बैठका, दर आठवड्याला एक, आणि प्रत्येक बैठकीनंतर घरी करावयाचा अभ्यास, असा हा क्रम असतो.

दुसरी एक साधी पद्धत आहे. तिच्यात विचारांपेक्षा कृतीवर भर असतो. नैराश्यात माणूस कामे सोडतो, कामे सुटल्याने आनंद आणि समाधान यांचे प्रसंग घटतात, त्यामुळे मन आणखी खचते. हे चक्र लहान, ठरलेल्या, वेळेनुसार केलेल्या कृतींनी उलटे फिरवायचे. ‘उत्साह आला की करीन’ असे न म्हणता ‘केल्याने उत्साह येतो का ते पाहू’ असे म्हणायचे.

या संदर्भात गोव्यातील अनुभव फार बोलका आहे. तेथील सामान्य दवाखान्यांत आलेल्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन महिन्यांनंतर फ्लूऑक्सेटिन नकली गोळीपेक्षा सरस ठरले. मानसोपचार मात्र ठरला नाही. तेथेच थांबले असते, तर ‘आपल्या लोकांना संवाद मानवत नाही’ असे म्हणून मोकळे होता आले असते. परंतु डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगथ’ संस्थेतील त्यांचे सहकारी यांनी उपचाराची मांडणीच नव्याने केली. वर सांगितलेली कृतीवर आधारलेली पद्धत निवडून, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या सामान्य कार्यकर्त्यांना त्यांनी प्रशिक्षण दिले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, सहा ते आठ बैठकांत, लोकांच्या भाषेत ती पद्धत वापरली गेली. बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेले 495 रुग्ण त्या चाचणीत होते. तीन महिन्यांनंतर संवाद-उपचार मिळालेल्यांपैकी 64 टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते. नेहमीची सुधारित वैद्यकीय सेवा मिळालेल्यांपैकी 39 टक्के. संवाद उपयोगी आहे की नाही, यापेक्षा तो कोणता, किती नेमका आणि किती चिकाटीने केलेला, यावर फळ अवलंबून असते, हा यातील बोध आहे.

समोरासमोर तुलना

औषध आणि संवाद यांची थेट तुलना अनेकदा झाली आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया आणि व्हँडरबिल्ट या विद्यापीठांचा 2005 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मध्यम ते तीव्र नैराश्याच्या 240 रुग्णांवर होता. सोळा आठवड्यांनंतर दोन्ही गटांत सारख्याच, म्हणजे 58 टक्के रुग्णांना गुण आलेला होता. खरा फरक नंतरच्या वर्षात दिसला. ज्यांचे औषध थांबविले, त्यांच्यापैकी 76 टक्क्यांचा आजार उलटला. औषध चालू ठेवलेल्यांपैकी 47 टक्क्यांचा. आणि संवाद-उपचार पूर्ण करून थांबलेल्यांपैकी 31 टक्क्यांचा. शिकलेले कौशल्य उपचार थांबल्यावरही काही प्रमाणात सोबत राहते, असा याचा अर्थ.

दोन्ही एकत्र केले तर? वर्षानुवर्षे चाललेल्या चिवट नैराश्याच्या 681 रुग्णांवरील एक मोठा अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ औषध किंवा केवळ संवाद मिळालेल्या गटांत प्रत्येकी 48 टक्के, तर दोन्ही एकत्र मिळालेल्या गटात 73 टक्के रुग्णांना गुण आला.

ही सर्व आकडेवारी सरासरीची आहे. समोर बसलेल्या माणसाला काय लागू पडेल, हे ती एकटी सांगत नाही. म्हणून निवडीचे काही निकष ध्यानात ठेवावेत.

आजार सौम्य असेल, माणूस कसाबसा का होईना पेढी आणि घर सांभाळीत असेल, तर आरंभ संवादाने, दिनचर्येने, चालण्या-फिरण्याने करावा. ब्रिटनच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनाही सौम्य नैराश्यात, रुग्णाचीच तशी इच्छा नसेल तर, सरसकट औषधाने प्रारंभ करू नये असे सांगतात.

आजार मध्यम असेल तर दोन्ही मार्ग समान योग्यतेचे आहेत. येथे रुग्णाची इच्छा, चांगला मानसशास्त्रज्ञ गावात आहे की नाही, दर आठवड्याला वेळ निघेल की नाही, आणि पूर्वी कशाने गुण आला होता, या गोष्टी निर्णायक ठरतात.

आजार तीव्र असेल, म्हणजे माणूस उठत नाही, खात-पीत नाही, मरणाचे विचार बोलून दाखवतो, भास होतात, तर ‘आधी बोलून पाहू’ म्हणण्यात वेळ दवडू नये. तेथे मनोविकारतज्ज्ञांकडून औषध तातडीने हवे, प्रसंगी रुग्णालयही हवे. इतका खचलेला माणूस बैठकीत दोन वाक्येही धरून ठेवू शकत नाही. थोडी झोप, थोडे बळ आले म्हणजे संवादाची जोड द्यावी.

गरोदर किंवा अंगावर पाजणारी माता, अठरा वर्षांखालील मूल आणि अनेक औषधे घेणारे वृद्ध यांच्याबाबत संवादाचे पारडे सामान्यतः जड असते; परंतु आधीपासून चालू असलेले औषध डॉक्टरांना न विचारता बंद करू नये. आणि एक प्रश्न प्रत्येक रुग्णाबाबत विचारला गेलाच पाहिजे : पूर्वी कधी उलट अवस्था होती काय? झोपेविना उत्साह, मोठमोठे सौदे, बेफाम खर्च, अखंड बडबड, असे दिवस पूर्वी येऊन गेले असतील तर तो द्विध्रुवी विकार असू शकतो आणि नुसत्या नैराश्याच्या गोळीने तो बिघडू शकतो. हा इतिहास रुग्णापेक्षा घरच्यांनाच अधिक ठाऊक असतो.

जैन घरातील काही प्रश्न

उपचारापूर्वी रक्ततपासणी आवश्यक आहे. थायरॉइडची मंदता नैराश्यासारखीच दिसते. शाकाहारी कुटुंबांत ब-12 जीवनसत्त्वाची उणीव बरीच आढळते. तीमुळे थकवा, विस्मरण आणि खिन्नता येऊ शकते. ती भरून काढणे सोपे आहे, आणि ती न पाहता वर्षभर अन्य गोळ्या घेणे व्यर्थ.

दुसरा प्रश्न कॅप्सूलचा. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांची हाडे आणि कातडी यांपासून केलेले असते. फ्लूऑक्सेटिन आणि ड्युलोक्सेटिन सामान्यतः कॅप्सूलमध्ये येतात. एस्सिटालोप्राम आणि सर्ट्रालिन गोळीच्या रूपात मिळतात. ज्यांच्या मनाला हे टोचते, त्यांनी औषध टाळण्याऐवजी पहिल्याच भेटीत डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. बहुतेक वेळा पर्याय असतो. न सांगता चिठ्ठी खिशात ठेवून देणे हे मात्र स्वतःच्या जिवाशी खेळणे होय.

तिसरा प्रश्न व्रतांचा. नैराश्यावरील अनेक गोळ्या दिवसातून एकदा, सकाळी घेता येतात. नवकारसीनंतर घेतल्यास चौविहाराला बाधा येत नाही. झोप आणणारी गोळी रात्रीची असेल, तर ती सूर्यास्तापूर्वी घेता येईल काय, हे डॉक्टरांना विचारावे. अठ्ठाई किंवा त्याहून मोठी तपश्चर्या करावयाची असेल, तर आधी डॉक्टरांशी आणि मग महाराजसाहेबांशी बोलावे. काही औषधे दोन दिवस चुकली तरी त्रास सुरू होतो. लिथियमसारखे औषध चालू असता निर्जळ उपवास केल्यास शरीरातील पाणी घटून रक्तातील औषधाची पातळी धोकादायक होऊ शकते. पच्चक्खाणात आगार असतात आणि त्यांत एक आगार समाधी टिकविण्यासाठी, तीव्र व्याधीत औषध घेता यावे म्हणून ठेवलेला आहे, हे अनेक श्रावक-श्राविकांना माहीत असते. पण मनाच्या व्याधीच्या वेळी त्याची आठवण होत नाही.

चौथा प्रश्न कर्माचा. ‘असाता वेदनीय कर्माचा उदय आहे, समभावाने भोगावे’ असे म्हटले जाते. समभाव खराच, परंतु मधुमेहात, हृदयविकारात, डोळ्यांच्या मोतीबिंदूत आपण हाच युक्तिवाद करून घरी बसत नाही. औषधदान हे आपल्या परंपरेत श्रेष्ठ दानांपैकी एक मानले आहे. समाजाने ठिकठिकाणी रुग्णालये आणि औषधालये उभारली, शिबिरे भरविली. जे औषध परक्याला देणे पुण्य, ते आपल्याच घरातील खचलेल्या मनाला देण्यात कमीपणा कसा असेल? शास्त्रकारांनी इष्टाचा वियोग आणि अनिष्टाचा संयोग यांच्या सततच्या चिंतनाला आर्तध्यान म्हटले आणि त्यातून बाहेर पडावे असे सांगितले. नैराश्यातील मन त्याच चिंतनात अडकलेले असते. सामायिक, स्वाध्याय, बारा भावना हे सोबतीचे आधार आहेत. परंतु ज्याच्या मनाला एकाग्रताच उरलेली नाही, त्याला ‘अधिक सामायिक कर’ म्हटल्याने अपयशाची आणखी एक नोंद त्याच्या खाती पडते.

कोणाकडे जावे?

नावांचा घोटाळा फार आहे. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असतात. औषध लिहून देण्याचा अधिकार त्यांना आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ संवाद-उपचार करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि ती विचारण्यात संकोच बाळगू नये. समुपदेशक ही पदवी मात्र कोणीही लावू शकतो, म्हणून शिक्षण आणि अनुभव विचारूनच जावे. सहा-आठ बैठकांनंतरही काही फरक नसेल, किंवा योग्य मात्रेत औषध चार ते सहा आठवडे घेऊनही गुण नसेल, तर निमूट सोडून न देता उपचारात बदल मागावा. पहिला माल मनाजोगा निघाला नाही म्हणून कोणी व्यापार बंद करीत नाही.

खर्चाबद्दलही थोडे. जुन्या, रुळलेल्या औषधांच्या जेनेरिक गोळ्या स्वस्त आहेत. संवादाचा खर्च आरंभी अधिक वाटतो, परंतु तो काही महिन्यांपुरता असतो. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने मानसिक आजारांनाही संरक्षण देणे बंधनकारक केले आहे. आपल्या पॉलिसीच्या अटी एकदा वाचून पाहाव्यात. त्याच कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्कही दिला आहे. तातडीच्या वेळी, किंवा कोठून सुरुवात करावी हे कळत नसेल तेव्हा, शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक अहोरात्र चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते.

त्या पेढीचे पुढे

मनोविकारतज्ज्ञांनी पहिल्या भेटीत घरच्यांचे सर्व ऐकून घेतले आणि मग त्यांना बाहेर बसण्यास सांगितले. आत धाकट्या भावांना त्यांनी सरळ विचारले : मरणाचे विचार येतात काय? बराच वेळ शांततेत गेला. मग उत्तर आले, ‘रोज येतात. मी नसतो तर घर सुटले असते.’ घरात महिनाभर औषध की संवाद यावर वाद झाला होता. ज्या एका उत्तरावर तो निर्णय अवलंबून होता, ते उत्तर कोणी मागितलेच नव्हते. असा प्रश्न विचारल्याने ते विचार मनात पेरले जातात, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने ओझे हलके होते आणि मदतीची वाट उघडते.

आजार तीव्र होता. औषध त्याच दिवशी सुरू झाले. कॅप्सूलऐवजी गोळी, सकाळी नवकारसीनंतर. ब-12 कमी निघाले, त्याचाही उपचार झाला. औषधांची पाकिटे भाभींनी आपल्या ताब्यात ठेवली, आणि काही आठवडे त्यांना एकटे सोडावयाचे नाही असे ठरले. तिसऱ्या आठवड्यात पहाटेची झोप परतली. सहाव्या आठवड्यापासून मानसशास्त्रज्ञांकडे बैठका सुरू झाल्या.

चौथ्या बैठकीत, लिहिण्याचा अभ्यास चालू असता, एक गोष्ट बाहेर आली. केवळ शब्दावर, भावाला न सांगता दिलेली एक मोठी उधारी बुडाली होती. ती लपविण्यासाठी वर्षभर वहीत ओढाताण चालली होती. ‘मी घर बुडविले’ हे वाक्य कागदावर आले. मग त्याखाली पेढीची खरी शिल्लक, वीस वर्षांची वसुली, बुडालेली रक्कम आणि ती एकूण व्यवहाराच्या किती, हे सारे मांडले गेले. नुकसान मोठे होते. घर बुडालेले नव्हते. दोन बैठकांनंतर त्यांनी ते थोरल्या भावांना सांगितले. त्या रात्री दोघे पेढीच्या गादीवर वह्या घेऊन बसले ते मध्यरात्री उठले.

ती उधारी सांगण्याचे बळ गोळीने दिले नसते; आणि गोळीने झोप परत आणली नसती, तर ते बैठकीपर्यंत पोहोचलेच नसते. प्रत्येक घरात असेच होईल असे नाही. कोणाला केवळ संवादाने बरे वाटेल, कोणाला केवळ औषधाने, कोणाला दुसरे किंवा तिसरे औषध लागेल. निर्णय कोणताही झाला, तरी ज्याचा आजार आहे त्याला खोलीत बसवून, त्याचे ऐकून तो व्हावा, इतकेच सर्व घरांना सारखे लागू आहे.

यंदा संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर त्या घरात खमतखामणा झाला. थोरल्या भावांनी हात जोडून धाकट्यांची क्षमा मागितली ती नेहमीच्या शब्दांत. नंतर हळू आवाजात एवढेच जोडले, ‘ते तीन आठवडे विसर.’ धाकटे आता सकाळी दहाला पेढीवर असतात. गोळी अजून चालू आहे, मात्रा कमी होत आहे. वसुलीसाठी बाहेरगावी निघताना पिशवीत वहीबरोबर ती गोळीही असते, आणि पिशवी भरताना ती घेतली काय, हे आता आई स्वतः विचारते.